डिलिव्हरीची गाडी घेतलीत? आधी तिचा डॅशबोर्ड वाचायला शिका



मागच्या व्हिडिओत आपण धंद्यासाठी गाडी कधी घ्यायची आणि हप्ता किती झेपतो, ते बघितलं. त्यानंतरच्या कार्यशाळेत एक ताई मला म्हणाल्या, "सर, मसाल्याच्या डिलिव्हरीसाठी व्हॅन घेतली. पण तिच्यात कुठला दिवा कशाचा ते मला कळत नाही. ड्रायव्हर म्हणतो गॅरेजला न्यायची, मी पैसे देते." मी त्यांना विचारलं, "तुमच्या दुकानातला वजनकाटा तुम्हाला वाचता येतो ना?" त्या हसल्या, पण मुद्दा त्यांच्या लक्षात आला.

तुम्ही स्वतः गाडी चालवा किंवा ड्रायव्हर ठेवा, गाडी तुमच्या धंद्याचं यंत्र आहे. पिठाची गिरणी घेतली असती तर तिचं प्रत्येक बटण तुम्ही शिकला असता. गाडीच्या बाबतीत मात्र आपण लायसन्स मिळालं की शिक्षण संपलं असं धरतो.

मीही तेच धरलं होतं. साताऱ्यात आमचा फरसाणाचा छोटा कारखाना होता, आणि एक जुनी सेकंडहँड व्हॅन. दिवाळीच्या आधीचा आठवडा, पाचगणीच्या दुकानांची ऑर्डर, गाडी मागे छतापर्यंत भरलेली. वाई सोडून पसरणी घाट चढायला लागलो तेव्हा तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर होता. निम्म्या घाटात तो लाल पट्ट्याला टेकला. मला तो काटा दिसत होता. "एवढा घाट चढू, वर गेल्यावर बघू," असं मी मनाशी म्हटलं. वर पोचलोच नाही. बोनेटच्या फटीतून वाफ, मग गाडी बंद. हेड गॅस्केट गेलं. टोचन, गॅरेज आणि वेळेत न पोचल्यामुळे परत आलेला माल धरून 31 हजार रुपये गेले, आणि त्या वर्षीची दिवाळी उधारीवर झाली. काटा लाल व्हायच्या आधी दहा मिनिटं बाजूला थांबलो असतो तर बहुतेक एका रबरी पाइपावर भागलं असतं.

म्हणून आज सुरुवात डॅशबोर्डापासून.

चावी फिरवा, पण सेल्फ मारू नका

गाडीत बसा. चावी ऑनपर्यंत फिरवा आणि तिथेच थांबा. समोर एकदम बरेच दिवे लागतील. घाबरू नका, गाडी आपले दिवे चालू आहेत की नाही ते दाखवतेय. आता सेल्फ मारा. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत ते विझले पाहिजेत. फक्त हँडब्रेक ओढलेला असेल तर त्याचा दिवा राहील, आणि काही गाड्यांत सीटबेल्टचाही.

सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा हे आवर्जून करा. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाच नाही, तर खूश होऊ नका. दिवा लागत नाही म्हणजे तो उडालाय, किंवा बिघाड लपवायला कोणीतरी काढून ठेवलाय. असा सौदा मी तरी पुढे नेणार नाही.

रंगाचा नियम सोपा आहे. पिवळा दिवा म्हणजे गाडी दाखवून घ्या. लाल दिवा म्हणजे थांबा. लाल दिव्यांपैकी तीन डोक्यात पक्के बसवा.

पहिला, जुन्या तेलाच्या चिमणीसारखं किंवा झारीसारखं चित्र असलेला. हा ऑइलच्या दाबाचा. चालत्या गाडीत हा लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ, असा विचारही करायचा नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. इंजिनच्या आतले भाग ऑइलच्या थरावर फिरतात. तो दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन बांधायची पाळी येते. बंद करून पाच-दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी काढून बघा, दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. काही व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तिथे सीट उचलावी लागते. एवढ्या कंटाळ्यापायी कित्येक मालक ती पट्टी सहा-सहा महिने बघत नाहीत.

दुसरा, बॅटरीचं चित्र. याचा अर्थ बॅटरी खराब आहे असाच नसतो. बहुतेक वेळा अल्टरनेटर चार्ज करत नसतो किंवा त्याचा पट्टा तुटलेला असतो. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो, म्हणून या दिव्याबरोबर तापमानाकडेही बघा. पट्टा शाबूत असेल तर एसी आणि म्युझिक बंद करून जवळच्या मेकॅनिकपर्यंत जाता येतं, पण मध्ये इंजिन बंद करू नका, पुन्हा सेल्फ घेईलच असं नाही.

तिसरा तापमानाचा. आजकाल बऱ्याच गाड्यांत काटा नसतो, नुसता दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून गार आहे, लाल म्हणजे तापलंय. लाल झाला की आधी एसी बंद, मग सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला आणि इंजिन बंद. गाडीत हीटर असेल तर जागा मिळेपर्यंत तो फुल करा. उन्हाळ्यात हे ऐकायला विचित्र वाटतं, पण इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेनं बाहेर पडते. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर बाटलीनं गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो. गाडी हाताला सोसवेल इतकी निवू द्या. माल उशिरा पोचेल, गिऱ्हाइकाला फोन करा. तो फोन 31 हजारांपेक्षा स्वस्त पडतो.

क्लच, गिअर आणि भरलेली गाडी

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माल नसतो, खरा घोळ तिथेच होतो. रिकाम्या गाडीवर शिकलेला माणूस चार क्विंटल माल भरून बाजारपेठेच्या चढावर उभा राहिला की गाडी मागे यायला लागते. मग तो अर्धा क्लच दाबून, रेस देऊन गाडी तोलत बसतो. क्लच प्लेट जळते ती अशी. करपल्यासारखा वास आला तर समजा पैसे जळतायत.

चढावर थांबलात की हँडब्रेक ओढा आणि पाय मोकळे करा. निघताना पहिला गिअर टाका, क्लच सावकाश सोडत या. एका जागी गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं, इंजिनाचा आवाज जड होतो. तिथे पाय धरून ठेवा, थोडी रेस द्या आणि मग हँडब्रेक सोडा. गाडी इंचभरही मागे येत नाही. एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या चढावर हे वीस वेळा करा. ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्यालाही मुलाखतीत हेच करायला लावा, लायसन्स बघून कळत नाही ते दोन मिनिटांत कळतं. आणि चालताना डावा पाय क्लचवर ठेवायची सवय असेल तर ती मोडा. नुसत्या पायाच्या वजनानेही प्लेट घासत राहते.

घाट उतरताना जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. यात शास्त्र आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकवर ताण येत नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरलात तर सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो, लायनर तापतात आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला ब्रेक लागेनासे होतात. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनावर चालतो. इंजिन बंद पडलं की दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. शिवाय आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना एक्सलेटरवरून पाय काढला की इंजिन जवळजवळ इंधन घेतच नाही, म्हणजे बचतही होत नाही. अरुंद घाटात समोरून चढती गाडी आली तर तिला आधी जाऊ द्या, 2017 च्या ड्रायव्हिंग नियमांतही तसंच आहे.

एक हिशोब लक्षात ठेवा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर दुप्पट नाही, साधारण चौपट होतं. माल भरला की आणखी वाढतं. मागे तेलाचे डबे असतील तर ते बांधून घ्या, नाहीतर ब्रेक लावल्यावर गाडी थांबते आणि डबे तुमच्या पाठीत येतात.

ज्या बटणांकडे कोणी बघत नाही

स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली 0, 1, 2, 3 असे आकडे असलेलं एक छोटं चाक काही गाड्यांत असतं. ते हेडलाइटची पातळी बदलतं. मागे माल भरला की गाडीचं नाक वर होतं आणि तुमचा डिपरही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडी भरलेली असेल तर आकडा वाढवा, प्रकाश खाली येतो. रिकामी झाली की परत 0. पहाटे मार्केट यार्डला जाणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं.

चारही इंडिकेटर लावणारं लाल त्रिकोणाचं बटण गाडी बंद पडली किंवा रस्त्यात उभी करावी लागली तर वापरायचं. पावसात किंवा बोगद्यात चालत्या गाडीत ते लावायची आपल्याकडे फॅशन आहे. मग तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे, मागच्याला कसं कळणार? पावसात साधे हेडलाइट डिपरवर लावा.

पावसाळ्यात आतून काच धूसर होते तेव्हा लोक फडक्यानं पुसत एका हातानं गाडी चालवतात. एसी लावा, हवेचा झोत काचेकडे करा आणि गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असलेलं बटण बंद ठेवा, म्हणजे बाहेरची हवा आत येईल. मिनिटभरात काच साफ.

सीएनजी गाडी असेल तर टाकीत पेट्रोल कायम थोडं ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवा, नाहीतर ऐन वेळी पेट्रोलवर घेईनाशी होते. सिलेंडरची तपासणी दर 3 वर्षांनी करावी लागते, पुढची तारीख प्लेटवर बघून फोनमध्ये आठवण लावा. गॅसचा वास आला तर कुठलाही स्विच चालू-बंद करायचा नाही. इंजिन चालू असेल तर तेवढं बंद करा, सगळी दारं उघडा, सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि माणसं लांब न्या.

टायरमधली हवा किती, हे पंपावरच्या मुलाला विचारू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, बऱ्याचदा त्यावर रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा असे दोन आकडे असतात. हवा टायर गार असताना तपासायची, आणि स्टेपनीचीही. पंक्चर झाल्यावर स्टेपनी बसलेली निघाली, असा प्रसंग तुमच्या ओळखीत एकाला तरी आलेला असेलच.

लायसन्सबद्दल हमखास प्रश्न येतो, म्हणून थोडक्यात सांगतो. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपेक्षा कमी एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं, धोकादायक माल वगैरे सोडून. म्हणजे छोटा हत्ती किंवा डिलिव्हरी व्हॅनसाठी तेच लायसन्स चालतं. गाडीची नोंदणी आणि विमा मात्र धंद्याच्या वापराचाच हवा.

आज रात्री दुकान बंद केल्यावर पंधरा मिनिटं गाडीत जाऊन बसा. डिकीतलं गाडीचं माहितीपुस्तक बाहेर काढा, चावी ऑन करा आणि एकेक दिवा पुस्तकाशी ताडून बघा. ड्रायव्हर असेल तर त्यालाही शेजारी बसवा. आणि पेट्रोलच्या काट्याजवळ पंपाचं छोटं चित्र असतं, त्याच्या शेजारी बाण आहे का बघा. तो ज्या बाजूला, त्या बाजूला टाकीचं झाकण. मला हे कळायला चार वर्षं लागली होती.