मोठ्या घनफळाच्या ‘बिग ब्लॉक’ इंजिनांची उभारणी : खर्चमर्यादा आणि अश्वशक्ती यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :

अमेरिकेतील मोटारउद्योगाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या घनफळाची, आठ सिलिंडरांची जी इंजिने निर्माण केली ती ‘बिग ब्लॉक’ या नावाने ओळखली जातात. शेव्हरोले कंपनीचे ३९६ घन इंचाचे इंजिन १९६५ साली, ४२७ घन इंचाचे १९६६ साली आणि ४५४ घन इंचाचे १९७० साली बाजारात आले. क्रायस्लरचे ४४० आणि फोर्डचे ४६० घन इंचाचे इंजिनही याच वर्गातील होय. पुढे प्रदूषणविषयक कायदे आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे प्रवासी मोटारींतून ही इंजिने मागे पडली. शेव्हरोलेच्या मालमोटारींत मात्र या घराण्यातील इंजिने २००९ पर्यंत वापरात येत राहिली. त्यामुळे जुन्या मालमोटारींतून काढलेली इंजिने तेथील हौशी कारागिरांना आणि स्पर्धकांना दीर्घकाळ सहज उपलब्ध झाली.

अशी इंजिने खोलून त्यांची पुनर्बांधणी करणे आणि त्यांतून मूळ कारखान्याच्या आकड्यापेक्षा अधिक अश्वशक्ती मिळविणे ही अमेरिकेतील एक रुजलेली परंपरा आहे. तीत सर्वच माणसे श्रीमंत नसतात. अनेकजण वर्षानुवर्षांच्या बचतीतून एकच इंजिन उभे करतात. पैशांचे वाटप चुकले तर तेच इंजिन काही क्षणांत फुटते आणि सारी गुंतवणूक भंगारात जाते. म्हणून हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच मर्यादित साधनांच्या नियोजनाचाही आहे.

उद्दिष्टे :

१) अश्वशक्ती कोणत्या घटकांवर अवलंबून असते हे स्पष्ट करणे.
२) कमी, मध्यम आणि अधिक खर्चाच्या उभारणीतील फरक समजून घेणे.
३) खर्चमर्यादेनुसार उद्दिष्ट कसे ठरवावे याचे विवेचन करणे.

‘बिग ब्लॉक’ संकल्पना :

ब्लॉक म्हणजे ज्यात सिलिंडर कोरलेले असतात तो ओतीव लोखंडाचा मुख्य ठोकळा. त्याला ‘बिग’ म्हणतात ते त्याच्या बाह्य आकारावरून. शेव्हरोलेच्या लहान ठोकळ्यात शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंतील अंतर ४.४० इंच असते, तर मोठ्या ठोकळ्यात ते ४.८४ इंच असते. लहान ठोकळ्याचे इंजिन ४०० घन इंचापर्यंत गेले आणि मोठ्याचे ३९६ पासून ओळखीचे झाले. यावरून केवळ घनफळ हा या वर्गीकरणाचा आधार नाही, हे लक्षात येते. भारतीय वाचकाला प्रमाणाची कल्पना यावी म्हणून असे सांगता येईल की, ४५४ घन इंच म्हणजे सुमारे ७.४ लिटर. ‘मारुती ८००’ या मोटारीच्या इंजिनाचे घनफळ ७९६ घन सेंटिमीटर होते. त्या हिशेबाने एका बिग ब्लॉकमध्ये तशी नऊहून अधिक इंजिने सामावतात.

अश्वशक्तीचे गणित :

इंजिन प्रत्यक्षात निर्माण करते तो टॉर्क, म्हणजे क्रँकशाफ्टला मिळणारा पीळ. अश्वशक्ती ही त्यावरून काढलेली राशी आहे. पाउंड-फूटमधील टॉर्कला मिनिटातील फेऱ्यांनी गुणून ५,२५२ ने भागले असता अश्वशक्ती मिळते. एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पाउंड कार्य. या आकड्याला वर्तुळाच्या एका फेऱ्यातील कोनाने, म्हणजे दोन पायने, भागले की ५,२५२ हा अंक येतो.

या सूत्रातून अश्वशक्ती वाढविण्याचे दोनच मार्ग उरतात. पहिला, टॉर्क वाढविणे. दुसरा, तोच टॉर्क अधिक फेऱ्यांपर्यंत टिकविणे. टॉर्क मुख्यतः घनफळावर आणि प्रत्येक वेळी सिलिंडर किती भरतो यावर अवलंबून असतो. फेरे टिकविण्यासाठी मात्र हवेचा मार्ग मोठा आणि फिरणारे भाग मजबूत असावे लागतात.

येथेच खर्चाचा कळीचा मुद्दा आहे. पिस्टन वर-खाली होताना कनेक्टिंग रॉडवर जो जडत्वाचा भार येतो तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे ६,००० वरून ७,००० वर नेले तर, टॉर्क तसाच राहिला असे गृहीत धरूनही, अश्वशक्ती सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. भार मात्र ३६ टक्क्यांनी वाढतो. तो भार सोसण्यासाठी रॉड, त्याचे बोल्ट, पिस्टन, झडपांच्या स्प्रिंगा आणि तेलव्यवस्था हे सारेच बदलावे लागते. थोडक्यात, घनफळ स्वस्त आहे आणि फेरे महाग आहेत. खर्चमर्यादेचा विचार या एका विधानापासून सुरू करता येतो.

कमी खर्चाची उभारणी :

पहिल्या पातळीवर जुन्या मालमोटारीतील ४५४ घन इंचाचे इंजिन हा पाया असतो. ब्लॉकला तडा आहे का याची तपासणी, सिलिंडरांचे बोअरिंग व होनिंग, क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग, नव्या रिंगा आणि बेअरिंग ही कामे येथे टाळता येत नाहीत. महागड्या आणि स्वस्त अशा दोन्ही उभारणींत यंत्रशाळेतील हे काम जवळजवळ सारखेच असते. बाह्य चकाकीच्या भागांवर खर्च करून यात काटकसर करणे ही सर्वांत महाग पडणारी बचत ठरते.

प्रदूषण-नियंत्रणाच्या काळातील इंजिनांचे संपीडन गुणोत्तर कमी ठेवलेले असते. आदर्श ऑटो चक्रात गुणोत्तर ८ असता कार्यक्षमता सुमारे ५६.५ टक्के, तर १० असता सुमारे ६०.२ टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनात आकडे बरेच कमी असले तरी वाढीची दिशा तीच राहते. त्यामुळे योग्य आकाराचे पिस्टन निवडून गुणोत्तर साडेनऊच्या जवळ आणणे ही कमी खर्चातील फलदायी सुधारणा होय.

त्यास जोड म्हणून मध्यम कॅमशाफ्ट, मोकळे एक्झॉस्ट हेडर्स आणि योग्य क्षमतेचा कार्बोरेटर एवढे पुरते. कार्बोरेटरची क्षमताही गणिताने ठरते. घन इंचांना फेऱ्यांनी गुणून ३,४५६ ने भागले की मिनिटाला लागणारी हवा घनफुटांत मिळते. ४५४ घन इंच आणि ६,००० फेरे यांसाठी हे उत्तर सुमारे ७८८ घनफूट येते. याहून फार मोठा कार्बोरेटर बसविल्यास कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो आणि इंधन नीट मिसळत नाही. सिलिंडर हेडच्या बाबतीतही हेच लागू पडते. रस्त्यावरच्या वापरासाठी लंबगोल मार्गांचे हेड हे आयताकृती मोठ्या मार्गांच्या हेडपेक्षा अनेकदा अधिक उपयुक्त ठरते.

अशा इंजिनाने ५,५०० फेऱ्यांवर सुमारे ४३० पाउंड-फूट टॉर्क राखला तर सूत्रानुसार ४५० अश्वशक्ती मिळते. म्हणजे प्रत्येक घन इंचामागे जवळपास एक अश्वशक्ती. कारखान्याने १९७० साली ‘एलएस ६’ या आपल्या सर्वांत बलवान ४५४ इंजिनासाठी ४५० हाच आकडा जाहीर केला होता. मात्र तो जुन्या, म्हणजे इंजिनावर पूरक भागांचा बोजा नसताना मोजण्याच्या पद्धतीचा होता. १९७२ पासून निव्वळ मोजणी सुरू झाली, संपीडनही आधीच घटविलेले होते, आणि त्या वर्षी ४५४ चा जाहीर आकडा २७० वर आला. आकड्यांची तुलना करताना मोजणीची पद्धत पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

मध्यम खर्चाची उभारणी :

दुसऱ्या पातळीवर पैसा प्रथम घनफळाकडे वळवावा. ४५४ इंजिनाचा बोअर ४.२५ इंच आणि स्ट्रोक ४ इंच असतो. बोअर ०.०६० इंचाने वाढविल्यास घनफळ सुमारे ४६७ घन इंच होते. त्याच बोअरमध्ये ४.२५ इंच स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट बसविल्यास ते ४९६ घन इंचांवर जाते. जुना क्रँकशाफ्ट घासून पुन्हा वापरण्याऐवजी नवा घ्यायचाच असेल, तर अधिक स्ट्रोकचा घेण्यात शहाणपण आहे. कारण बेअरिंग, संतुलन आणि जोडणी यांचा खर्च दोन्ही पर्यायांत करावाच लागतो.

या पातळीवर ओतीव भागांऐवजी घडीव पोलादी क्रँकशाफ्ट आणि रॉड, घडीव पिस्टन तसेच ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड येतात. आठ सिलिंडरांच्या इंजिनाबाबत कारागीर एक ढोबळ आडाखा वापरतात. २८ इंच पाण्याच्या दाबफरकावर हेडचा एक प्रवेशमार्ग मिनिटाला जितके घनफूट हवा सोडतो, त्याच्या सुमारे दुप्पट अश्वशक्ती शक्य असते. म्हणजे ३०० घनफुटांचे हेड ६०० अश्वशक्तीला पुरते. ४९६ घन इंचांचे इंजिन ६,००० फेऱ्यांवर ५२५ पाउंड-फूट टॉर्क देत असेल तर हिशेब त्याच आकड्याशी येऊन मिळतो.

रोलर प्रकारचा कॅमशाफ्टही याच पातळीवर घ्यावा. सपाट टॅपेटच्या कॅमशाफ्टला तेलातील जस्त आणि फॉस्फरस यांच्या संयुगाचे संरक्षण लागते. मोटारीच्या धुरातील उत्प्रेरक यंत्रणा टिकावी म्हणून आधुनिक तेलांत या संयुगाचे प्रमाण कमी केले गेले आहे. त्यामुळे सपाट टॅपेट वापरायचेच असतील, तर तेलाची निवड विशेष काळजीने करावी लागते.

अधिक खर्चाची उभारणी :

तिसऱ्या पातळीवर मूळ ब्लॉकचीच मर्यादा आड येते. ४.५० इंचाहून मोठ्या बोअरसाठी जाड भिंतींचा नवा ब्लॉक घ्यावा लागतो. शेव्हरोलेने २०२१ साली जाहीर केलेले ‘झेडझेड ६३२’ हे इंजिन याचे बोलके उदाहरण आहे. ४.६० इंच बोअर आणि ४.७५ इंच स्ट्रोक असलेले हे इंजिन १०.३५ लिटरचे असून ६,६०० फेऱ्यांवर १,००४ अश्वशक्ती देते. विक्रीस आले तेव्हा त्याची किंमत ३७ हजार डॉलरहून अधिक होती. हजार अश्वशक्तीसाठीही कारखान्याने घनफळाचाच मार्ग धरला आणि फेरे सात हजारांच्या आत ठेवले, ही बाब येथे लक्षणीय आहे.

याच्याही पलीकडे ड्रॅग शर्यतीतील ‘टॉप फ्युएल’ वर्ग आहे. तेथे ५०० घन इंचांच्या मर्यादेत, सुपरचार्जर आणि नायट्रोमिथेन इंधन यांच्या साह्याने ११,००० हून अधिक अश्वशक्ती निर्माण केली जाते. २००८ पासून ही शर्यत १,००० फुटांची असून ती चार सेकंदांच्या आत संपते. प्रत्येक फेरीनंतर इंजिन खोलून पुन्हा बांधावे लागते. पैशाने येथे शक्ती विकत मिळते. आयुष्य मिळत नाही.

नायट्रस ऑक्साइडचा मोह :

कमी खर्चात झटपट शक्ती देणारा मार्ग म्हणून नायट्रस ऑक्साइडकडे पाहिले जाते. या वायूत वजनाने सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो. हवेत तो सुमारे २३ टक्के असतो. त्यामुळे अधिक इंधन जाळता येते. परंतु इंधनपुरवठा क्षणभर अपुरा पडला किंवा ठिणगीची वेळ मागे घेतली नाही तर सिलिंडरमधील दाब व तापमान अनियंत्रित होते आणि ओतीव पिस्टन रिंगांच्या खाचांपाशी तुटतात. म्हणजे हा उपाय स्वस्त दिसतो तो घडीव पिस्टन आणि भरवशाचा इंधनपंप यांचा खर्च हिशेबात धरला नाही तरच.

निष्कर्ष :

१) इंजिनाची शक्ती हवेच्या सर्वांत अरुंद मार्गाने ठरते आणि त्याचे आयुष्य सर्वांत दुबळ्या भागाने ठरते. एखाद्याच भागावर सढळ खर्च करून यांपैकी काहीच साधत नाही.

२) खर्चमर्यादेने प्रथम फेऱ्यांची कमाल मर्यादा ठरवावी. ती ठरली की घनफळ, हेड, कॅमशाफ्ट आणि कार्बोरेटर यांची निवड तिच्या अनुषंगाने करता येते.

३) वर विचारात घेतलेल्या तीन पातळ्यांवर प्रत्येक घन इंचामागे मिळणारी अश्वशक्ती अनुक्रमे सुमारे १.०, १.२ आणि १.६ आहे. ही वाढ मर्यादित आहे; तिच्यासाठी बदलावे लागणारे भाग मात्र प्रत्येक पातळीवर वाढत जातात. घटत्या सीमांत उत्पादनाचे तत्त्व येथे धातूत घडविलेले दिसते.

४) कमी खर्चाचे पण सुसंगत इंजिन वर्षानुवर्षे चालते. अधिक खर्चाचे पण विसंगत इंजिन पहिल्याच शर्यतीत निकामी होऊ शकते. म्हणून अश्वशक्तीचा आकडा ठरविण्यापूर्वी इंजिन कोणत्या वापरासाठी हवे आहे आणि ते किती काळ टिकावे अशी अपेक्षा आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे उभारणी करणाऱ्याने निश्चित करणे अगत्याचे आहे.