प्रत्येकाची वेगळी वाटी : केळी आणि कॅरॅमलचे थर

ईदच्या दिवशी मोठ्या पातेल्यातला शीरखुर्मा सकाळपासून वाटला जातो. दुपार टळेपर्यंत पातेल्याचा तळ दिसू लागतो. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला भरभरून मिळालेले असते, पण सगळ्यांना वाढणारी घरची सून, मदतीला आलेली खाला आणि नातेवाइकांच्या भेटी घेऊन उशिरा परतलेला मुलगा यांच्या वाट्याला मात्र खरवड येते. शीरखुर्म्याची जागा दुसरा कोणताही पदार्थ घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. परंतु ईद-मिलनाची संध्याकाळ, अकिका, मुलांची बिस्मिल्लाह किंवा इफ्तारची दावत असेल, तेव्हा प्रत्येकाची वेगळी वाटी आधीच भरून ठेवण्याची सोय फार मोठी आहे. मोजून भरलेल्या वाट्यांत कोणाला कमी-जास्त होत नाही. मुलांमध्ये न्याय ठेवा, या शिकवणीची सुरुवात दस्तरखानावरूनच होते.

वेगळ्या वाटीची पद्धत आपल्याला नवी नाही. मातीच्या शकोऱ्यात जमवलेली फिरनी हेच त्याचे जुने रूप. माती जादा पाणी शोषून घेते, म्हणून शकोऱ्यातली फिरनी घट्ट आणि गार लागते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे खुबानी का मीठा आणि डबल का मीठा ही नावे आपल्याकडच्या लग्नघरांना परकी नाहीत. खुबानी का मीठा म्हणजे तरी काय? शिजलेले गोड फळ आणि त्यावर मलईचा थर. आज आपण करणार आहोत तो पदार्थ याच घराण्यातला, फक्त फळ बदलले आहे.

केळी, टॉफी आणि क्रीम यांचा हा मेळ इंग्लंडमध्ये जमला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ईस्ट ससेक्समधल्या जेविंग्टन या खेड्यात ‘हंग्री मंक’ नावाचे उपाहारगृह होते. त्याचे मालक नायजेल मॅकेन्झी आणि आचारी इयन डाउडिंग यांनी एका अमेरिकन कॉफी-टॉफी पायमध्ये बदल करताना केळी वापरून पाहिली आणि बनाना व टॉफी ही दोन नावे जोडून ‘बॅनॉफी’ हे नाव ठेवले. त्यांच्या पद्धतीत कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा काही तास पाण्यात उकळत ठेवायचा असे. भगिनींनो, ही पद्धत घरी मुळीच वापरू नका. पाणी आटले तर बंद डबा फुटतो आणि आतला उकळता गोळा अंगावर उडतो. आपण साखरेपासून ताजे कॅरॅमल करू. ते स्वस्त पडते आणि पंधरा मिनिटांत होते.

केळी कशी निवडावीत

आपल्या बाजारात जळगावची केळी येतात, तशीच नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरकडचीही. कच्च्या केळ्यात पिष्ठ भरपूर असते. पिकताना त्याची साखर होते, म्हणून पिवळ्या सालीवर थोडे तपकिरी ठिपके आलेले केळे या पदार्थाला उत्तम. ते गोड असते आणि कापल्यावर चकतीही टिकते. साल काळी पडलेले मऊ केळे शिऱ्यात किंवा शेकमध्ये घाला, थरांत नको.

साल एकसारखी झळझळीत पिवळी पण देठ हिरवागार आणि आत गर कडक, असे केळे दिसले तर सावध राहा. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. विश्वासाच्या फळवाल्याकडून थोडी कच्ची केळी दोन-तीन दिवस आधी आणून घरीच पिकवणे सर्वांत बरे. केळी फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने साल काळी पडते आणि पिकणे अडते.

साहित्य (६ वाट्यांसाठी)

• मारी बिस्किटे १२, वितळलेले तूप २ मोठे चमचे
• साखर १०० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी ४० ग्रॅम, साय किंवा फ्रेश क्रीम १०० मिली, चिमूटभर मीठ
• मध्यम केळी ३, लिंबाचा रस १ छोटा चमचा
• घट्ट चक्का २५० ग्रॅम, पिठीसाखर २ मोठे चमचे, वेलची पूड पाव चमचा
• वरून घालायला चारोळी किंवा बदामाचे काप

कृती

आदल्या रात्री अर्धा किलोपेक्षा थोडे जास्त दही स्वच्छ फडक्यात बांधून टांगून ठेवा. उन्हाळ्यात दही बाहेर आंबते, म्हणून पुरचुंडी चाळणीत ठेवून खाली पातेले द्या आणि सगळे फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी चक्का तयार.

पहिला थर : बिस्किटांचा जाडसर चुरा करा, तूप घालून कालवा. वाट्यांमध्ये समान वाटून चमच्याच्या पाठीने दाबा. तुपामुळे चुरा जमून बसतो आणि वरचा ओलावा लवकर आत शिरत नाही.

दुसरा थर : जाड बुडाच्या पातेल्यात साखर पसरा आणि मंद आचेवर ठेवा. कडेची साखर आधी विरघळते. सारखे ढवळू नका, पातेलेच हलके फिरवा. साखर साधारण १६० ते १७० अंश सेल्सियसला वितळून रंग धरू लागते आणि तिथून पुढे सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा असतो. गडद मधासारखा रंग आला की गॅस बंद करा. थोडा धूर दिसेपर्यंत थांबलात तर कडवटपणा येतो आणि तो कशानेही जात नाही. आता लोणी घाला. मग कोमट केलेली साय थोडी थोडी घालत ढवळा. साय गार असेल तर मिश्रण जोरात उसळते आणि साखरेच्या गाठी होतात. गाठी झाल्याच तर पुन्हा मंद आचेवर दोन मिनिटे ढवळा, विरघळतील. शेवटी मीठ घाला. गार होताना कॅरॅमल घट्ट होते, म्हणून गरम असताना पातळ वाटले तरी आटवू नका.

तिसरा थर : केळ्यांच्या अर्ध्या सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा आणि लगेच लिंबाचा रस लावा. हवा लागली की केळ्यातल्या विकरांमुळे चकत्या काळवंडतात. लिंबाचे आम्ल हे काम मंदावते. गार झालेले कॅरॅमल प्रत्येक वाटीत दोन मोठे चमचे घालून त्यावर चकत्या लावा.

चौथा थर : चक्का, पिठीसाखर आणि वेलची पूड एकजीव करून वर पसरा, म्हणजे केळी पूर्ण झाकली जातील. चारोळी घाला. तासभर फ्रिजमध्ये ठेवून वाढा. चक्क्याचा आंबटपणा कॅरॅमलच्या गोडीला तोल देतो, शिवाय फेटण्याचे यंत्र लागत नाही. डब्यातली २५ टक्के स्निग्धांशाची फ्रेश क्रीम कितीही फेटली तरी फुलत नाही. त्यासाठी ३५ टक्क्यांच्या आसपासची क्रीम लागते.

चटक्यापासून जपा

वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते आणि कातडीला चिकटून बसते. कॅरॅमल करताना मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा, ओढणी नीट खोचून घ्या, पातेल्याचा दांडा आत वळवा. चव पाहायची तर गार झाल्यावरच. चटका बसलाच तर तो भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा लहान मुलाला भाजले असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा.

पाकीट वाचून घ्या

गोड पदार्थात हलालचा प्रश्न येतो तो जिलेटिनमुळे. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनते आणि ते कोणत्या जनावराचे, कसे जबह केलेले, हे पाकिटावरून कळत नाही. तयार मूस, मार्शमेलो, काही जेली पावडर यांत ते असते. पाकिटावर ‘ई ४४१’ लिहिलेले असेल तर ते जिलेटिनच. चौकोनातला हिरवा ठिपका असलेल्या पदार्थात ते नसते. घट्टपणा हवाच असेल तर समुद्री शेवाळापासून होणारे चायना ग्रास वापरा. व्हॅनिला इसेन्सच्या काही बाटल्यांत अल्कोहोल असते, म्हणून आम्ही वेलची सुचवली आहे. केवड्याचे दोन थेंबही छान लागतात.

गोडाचा हिशेब

आपल्या घरांत आता एखाद्या तरी वडीलधाऱ्याला मधुमेह असतो, म्हणून हिशेब मोकळेपणाने मांडू. वरच्या प्रमाणात एका वाटीत वरून घातलेली साखर सुमारे २२ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी अशी साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमपर्यंतच ठेवा, असे सांगते. म्हणजे एक वाटी हा जवळजवळ दिवसभराचा वाटा झाला. तेव्हा वाटी छोटीच घ्या, त्या दिवशी शरबत आणि शीतपेय टाळा. दादीजानला मधुमेह असेल तर हा पदार्थ त्यांच्या पुढे ठेवून ‘एक दिवस चालतं’ म्हणू नका. त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चक्का, वेलची आणि बदाम यांची वेगळी वाटी सजवा. केळे किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. सर्वांबरोबर त्यांच्याही हाती सजलेली वाटी आली पाहिजे.

साखर जपून वापरण्याचे आणखी एक कारण बीडकरांना सांगावे लागत नाही. दरवर्षी पावसाळा सरला की आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या फडांवर जातात. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. जळालेले कॅरॅमल मोरीत ओतताना ही साखर कोणाच्या कष्टाची आहे, याची जाण असावी. मंद आच आणि पूर्ण लक्ष, एवढे ठेवले तर ओतण्याची वेळ येत नाही.

दावतीचे वेळापत्रक

कॅरॅमल दोन दिवस आधी करून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवता येते. चक्का आदल्या रात्री बांधा. बिस्किटांचा थर सकाळी लावा. केळी मात्र वाढण्याआधी दोन तासांच्या आतच कापा. ३० माणसांसाठी साहित्य पाचपट घ्या, पण कॅरॅमल दोन घाण्यांत करा, नाहीतर एका बाजूची साखर जळते आणि दुसरीकडची कोरी राहते. उन्हाळ्यात भरलेल्या वाट्या तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. वाट्या मोजताना वाढणारीचे नाव आधी धरा आणि तिची वाटी बाजूला ठेवून मगच पाहुण्यांकडे जा.

चार वाट्या जास्त करा, शेजारच्या घरांसाठी. यात अंडे नाही, जिलेटिन नाही, त्यामुळे शाकाहारी शेजारीही निःशंक खाऊ शकतात. हे वाटी देतानाच सांगा म्हणजे त्यांना विचारण्याचा संकोच होत नाही. वाटी स्टीलची द्या, कागदी पेला नको. आपल्याकडे शेजारून परत येणारी वाटी रिकामी येत नाही.