सोलापूरच्या सात काठ्या

१४ सप्टेंबर १७९३ रोजी चीनचा सम्राट छियानलाँग याने जेहोलच्या उन्हाळी राजवाड्यात लॉर्ड मॅकार्टनी या इंग्रज वकिलाच्या हाती एक काठी ठेवली. पांढऱ्या दगडाची, दीडेक फुटाची, वळणदार माथ्याची. भेट इंग्लंडच्या राजासाठी होती. चिनी लोक तिला रुयी म्हणतात, म्हणजे ‘मनासारखे होवो’. मॅकार्टनीने घड्याळे, दुर्बिणी, तारांगणाचे यंत्र अशी जहाजभर नजराणा आणला होता. रोजनिशीत त्याने लिहिले, चिन्यांना ही वस्तू फार मोलाची वाटते, मला तरी तिच्यात विशेष किंमत दिसली नाही. रुयीचा पूर्वज पाठ खाजवायची काठी असावी, असे काही अभ्यासक म्हणतात, ते त्याच्या कानी गेले असते तर विचारायलाच नको!

पण त्याला हसू नये. परगावचा पाहुणा सोलापूरच्या गड्डा यात्रेला येतो तेव्हा नंदीध्वजाकडे तोही असाच बघतो. एवढी उंच काठी उचलून ही माणसे कुठे निघाली?

उत्तर काठीतच आहे. बाराव्या शतकात सोन्नलिगेत, म्हणजे आजच्या सोलापुरात, सिद्धराम होऊन गेले. तलाव खोदणारे, कानडीत वचने रचणारे शिवयोगी. कथा अशी सांगतात की एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्न करण्याचा हट्ट धरला. योग्याला संसार कुठला? त्यांनी आपला योगदंड पुढे केला आणि तिचे लग्न त्या दंडाशी लागले. देणाऱ्याने स्वतःऐवजी आपली काठी दिली. छियानलाँगनेही एका अर्थी तेच केले. इंग्रजांच्या व्यापाराच्या मागण्या नाकारल्या आणि रुयी दिली. सोलापुरात मात्र काठी मिळाली ती नवऱ्याच्या जागी, आणि गावाने तिला नवऱ्याचाच मान दिला.

म्हणून दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास त्या योगदंडाची खूण असलेले मानाचे सात नंदीध्वज निघतात. पहिला मान देवस्थानचा, हिरेहब्बू घराण्याकडचा. बाकीचे वेगवेगळ्या समाजांचे. सिद्धरामांनी गावाभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना आधी तैलाभिषेक होतो. हा ‘यण्णीमज्जन’ शब्द कानडी, मिरवणुकीतला जयघोष मराठीत. सोलापूरकराला त्यात वेगळे काही वाटत नाही. भोगीला तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर त्याच लग्नाचा अक्षता सोहळा. लग्नाची संमती वाचली जाते आणि लाखो हातांतून तांदूळ उडतात. लग्नाला आलेल्या प्रत्येकाला इथे वऱ्हाडीच समजतात.

खरी गंमत पेलण्यात आहे. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस कंबरेच्या पट्ट्यावर काठीचा भार घेतो आणि गर्दीतून तोल सांभाळत चालतो. आजूबाजूचे हात लावतात ते भीतीपोटी नव्हे, पुण्यासाठी. यासाठी आधीचे काही आठवडे सराव चालतो. गल्लीतली तरुण पोरे आधी तोल शिकतात, मान नंतर. काचेच्या कपाटात ठेवलेल्या रुयीला हे भाग्य नाही.

अक्षता सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी होम मैदानावर होम पेटतो, कारण कथेतली कुंभारकन्या पुढे अग्नीत गेली. त्या रात्री नंदीध्वजाला नागफणीचा साज चढतो आणि तो पेलणाऱ्याचा खरा कस लागतो. मग शोभेचे दारूकाम, आणि शेवटी कप्पडकळी. कप्पड म्हणजे वस्त्र. ते उतरते, साज निघतो, आणि काठ्या वर्षभरासाठी पुन्हा काठ्या होतात.