कासच्या फुलांवर किती पावले?

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे 25 किलोमीटरवर असलेले कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आले, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या बहराला तिथे लोटणाऱ्या गर्दीचे नियोजन हा जिकिरीचा विषय होऊन बसला. पठाराचा जांभा दगड कठीण असला, तरी त्यावरील मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो, त्यामुळे छायाचित्रासाठी वाट सोडून टाकलेले एकेक पाऊल माती दाबून टाकते आणि पुढील वर्षी उगवायचे बी तिथेच अडते. सीतेची आसवे हे जांभळे इवलेसे फूल ज्या वनस्पतीला येते, ती ओलसर जागी मुळांसारख्या तंतूंवरील सूक्ष्म पिशव्यांत जलजीव पकडून पोषण मिळवते. तो ओलावा तुडवला गेला की तिचे जगणेच संपते.

‘धारणक्षमता’, म्हणजे एखादी जागा न बिघडता किती माणसे पेलू शकते याची मर्यादा, लक्षात घेऊन येथे पर्यटकांच्या दैनंदिन संख्येवर बंधन, आगाऊ नोंदणी आणि प्रवेशशुल्क आले. व्यवस्था स्थानिक गावांच्या वन व्यवस्थापन समितीकडे राहिली, हे विशेष मोलाचे. पठाराभोवती घातलेल्या कुंपणाचा उपाय मात्र वादग्रस्त ठरला, कारण गुरांच्या चराईने उंच गवत आटोक्यात राहते आणि ठेंगण्या फुलझाडांना ऊन मिळते, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे होते. पुढे कुंपण हटवण्यात आले. माणसांना आवरताना गुरांनाही बाहेर ठेवणे, ही संरक्षणाची घाईची समजूत होती.