टीव्हीतली पात्रे, प्रेक्षकांची लेखणी

गेल्या महिन्यात विहाराच्या बालवर्गातील एका मुलीची वही आमच्या हाती आली. मुलगी सातवीतली. तिने डोरेमॉनच्या टाइम मशीनमध्ये छोटा भीमला बसवून थेट महाडला, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर नेले होते! सोबत ती स्वतःही होती. वडील मात्र नाराज. म्हणाले, "भाऊ, ही तर नक्कल. अभ्यास सोडून भलते उद्योग!"

आम्ही त्यांना जे सांगितले तेच वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेत १९६६ साली 'स्टार ट्रेक' ही अंतराळयानावरची मालिका सुरू झाली. पुढच्याच वर्षी दोन तरुणींनी 'स्पॉकानालिया' नावाचा सायक्लोस्टाइल अंक काढला. मालिकेतील पात्रे घेऊन चाहत्यांनीच लिहिलेल्या कथा-कविता त्यात होत्या. अशा कथांना फॅन फिक्शन म्हणतात. स्टेन्सिल कापायचे, शाईने हात काळे करायचे, पाने लावून टाचायची; चळवळीची पत्रके काढलेल्यांना हे निराळे सांगायला नको!

१९६९ साली ७९ भागांनंतर मालिका बंद पडली, अंक मात्र वाढत गेले. पुढे एका मालिकेवर भागेना. मग 'स्टार वॉर्स', पोलिसांच्या मालिका, 'रिअल घोस्टबस्टर्स'सारखी कार्टून, सारे एकाच पुठ्ठ्यात बांधलेले कथासंग्रह निघू लागले. पात्रांचे हक्क कंपन्यांचे, म्हणून किंमत साधारणपणे कागद-छपाई निघेल एवढीच.

लिहिणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. पण १९७३ साली पॉला स्मिथ यांनी 'मेरी सू' नावाच्या साडेपंधरा वर्षांच्या सर्वगुणसंपन्न लेफ्टनंट मुलीची विडंबनकथा लिहिली आणि ते नाव चिकटले. कथेत स्वतःला घालणारी पोरगी दिसली की 'मेरी सू' म्हणून हसायचे! हे आम्हाला पटत नाही. एकटा नायक वीस गुंडांना लोळवतो, तेव्हा कोण हसते?

खरी गोष्ट पुढेच आहे. त्या यानावर उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी होती. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडणार होत्या, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबवले, असे त्या सांगत. एवढी मोलाची भूमिका, पण संवाद थोडे. चाहत्यांच्या कथांतही मान बहुतेक गोऱ्या नायकांनाच. अहो, मूळ मालिकेत उहुराला पहिले नावसुद्धा दिले नव्हते! चाहत्यांच्या अंकांत चित्रे काढणारे विल्यम रॉट्स्लर यांनी १९८२ सालच्या पुस्तकात तिला 'न्योता' हे नाव दिले. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ तारा. पडद्यावर ते नाव उच्चारले गेले २००९ च्या चित्रपटात. आपल्या पणज्यांना धोंडी, दगडी अशी नावे ठेवली जात. चांगल्या नावाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको.

वडील ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "तिने त्यात तिच्या आजीलाही घेतलंय, पाहिलंत का?"

वही आम्ही जयंतीच्या हस्तलिखित अंकासाठी ठेवून घेतली आहे. शुद्धलेखन तेवढे तपासायचे आहे. तळ्याचे पाणी पिण्याआधी छोटा भीम लाडू मागतो, तो प्रसंग मात्र तसाच राहील.