जुनी होडी, खरी किंमत

कृष्णाकाठच्या गावात जुनी होडी घ्यायची बोलणी निघाली, की सारी चर्चा आकड्याभोवतीच फिरत राहते. विकणारा एक आकडा सांगतो, घेणारा निम्म्यावर येतो आणि मध्येच कुठेतरी सौदा ठरतो. खरे तर तो नुसता बयाणा! होडीची किंमत पुढे दर पावसाळ्याला चुकती करावी लागते.

जुनी फायबरची होडी रंगावरून पाहू नये. ताजा रंग दिसला तर उलट संशयच घ्यावा. होडी पालथी घालून तळ बोटांच्या पेरांनी ठोकत जावे. टणक आवाज आला तर ठीक. बद्द वाजली तर आतले थर सुटले, पाणी मुरले असे समजावे. मागच्या ज्या फळीवर इंजिन टांगतात, तिच्या पोटात बहुधा प्लायवूड असते आणि ते आतल्या आत कुजते. इंजिन धरून हलवावे. फळी दबली तर इंजिन कितीही चांगले असो, सौदा महागच. इंजिन सुरू केल्यावर बाजूच्या भोकातून पाण्याची धार पडली पाहिजे. धार नाही म्हणजे थंडाव्याचे पाणी फिरत नाही. लाकडी होडीचे दुखणे निराळे. ती उन्हात पडली की फळ्या आकसतात, आणि दरवर्षी फटी बुजवल्याशिवाय पाण्यात घालता येत नाही.

सातारा जिल्ह्यात कोयना धरणानंतर शिवसागराच्या काठची कित्येक गावे लाँचवर विसंबून राहिली. बामणोली-तापोळ्याकडे होडी रोज चालते, म्हणून तिचे दुखणेही रोज कळते. (शिडाची हौस असलेल्यानेही तिकडेच वळावे, पुराच्या कृष्णेत शीड काय कामाचे?) सांगलीकडची पुराची होडी मात्र वर्षाचे दहा-अकरा महिने ताडपत्रीखाली. टाकीतले पेट्रोल शिळे होते, कार्ब्युरेटरमध्ये चिकटा बसतो, दोर उंदीर कुरतडतात, आणि हे सारे कळते ते पाणी वेशीत आल्यावर.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, कृष्णा-येरळेच्या संगमावरच्या ब्रह्मनाळला गाव सोडून निघालेल्यांची बोट उलटली. तीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती. बळींमध्ये बायका-मुलेही होती.

हिशेब सोपा आहे. पाच मीटर लांब, दीड मीटर रुंद होडीत सरासरी वजनाचा एक माणूस चढला, की ती सुमारे एक सेंटिमीटर खाली बसते. तीस माणसे म्हणजे जवळपास फूटभर! मग काठ पाण्यालगत येतो आणि सगळे एका बाजूला कलले की संपले. म्हणून किती माणसे घ्यायची तो आकडा होडीवर ठळक रंगवावा, आणि पुढे जमणाऱ्या गर्दीला ‘नाही’ म्हणू शकेल असा माणूस आधीच नेमावा.

यंत्राच्या बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी व तपासणी लागते. कागद नसतील तर तो खर्चही आपल्याच गळ्यात. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी इंजिन चालवावे, दोघा-तिघा तरुणांचा हात बसवावा. जाकिटे जितकी माणसे तितकी हवीत. मुलांची वेगळी मोजावीत, कारण मोठ्याचे जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते.