सेमी, फुल आणि जोयड्याचा पाऊस

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात कपडे धुण्याचं मशीन दोन दिशांनी आलं. एक घाटमाथ्यावरून, बेळगाव-हल्याळ-दांडेलीच्या दुकानांतून. त्यात व्हिडिओकॉनचं नाव ठळक. ही औरंगाबादची कंपनी, पैठण रस्त्यावर चितेगावला तिचा कारखाना. दुसरं अनमोडचा घाट चढून गोव्याकडून आलं, तेही बहुतेक वेळा जुनं, कुणीतरी वापरून काढलेलं. फुल ऑटोमॅटिक मशीन बनवणाऱ्या आयएफबीचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला, म्हणजे खरं तर हे महागडं मशीनच जोयड्याचं शेजारी. तरी घराघरांत टिकलं ते लांबून आलेलं स्वस्त सेमी, म्हणजे सेमी ऑटोमॅटिक. का टिकलं, हे दोन्ही मशीनं उघडून पाहिली की कळतं.

सेमीच्या पोटात फारसं काही नसतं. दोन टाक्या, दोन मोटरी. धुण्याच्या टाकीच्या तळाशी पंख असलेली चकती, तिला पल्सेटर म्हणतात. मोटर बेल्टने ती फिरवते, थोडा वेळ इकडे, थोडा वेळ तिकडे. शेजारी भोकाभोकांचं उभं पिंप. त्याला आपण ड्रायर म्हणतो. खरं तर तो काही वाळवत नाही, पिळतो. पल्सेटरचं कूळ विलायती: ब्रिटनमधल्या हूवरने 1948 मध्ये ही चकती बाजूच्या भिंतीला लावलेलं छोटं मशीन काढलं, सान्योने 1953 मध्ये तोच धागा जपानात उचलला, आणि पुढे दोन टाक्यांचं रूप घेऊन ते आशियाभर पसरलं.

आता सेमीतलं साधं आणि भारी यांतला फरक. साध्यात दोन टायमर आणि एक बटण: जोरात, हळू, पाणी सोडा. भारीत भिजवण्याचा वेगळा टायमर, वेळ संपली की वाजणारा बझर, कॉलर घासायची खरखरीत पट्टी, ड्रायरमध्ये वरून पाण्याचा फवारा, पारदर्शक झाकण, चाकं. मोटर, बेल्ट, पल्सेटर मात्र पुष्कळदा तेच. ही चलाखी आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत सीअर्सची केनमोर मशीनं व्हर्लपूल बनवायची. तिथेही आतली यंत्रणा सारखी ठेवून वरच्या पॅनलवरची बटणं वाढवत किंमत चढवली जायची. जास्तीच्या पैशाची खरी किंमत वसूल करणाऱ्या गोष्टी माझ्या मते दोनच: ड्रायरमधला फवारा आणि तळाची उंदरांची जाळी. कौलारू घरात मागच्या पडवीत ठेवलेल्या मशीनची वायर उंदीर एका रात्रीत तोडतो. बझरने काय होणार!

फुल ऑटोचं, म्हणजे जुन्या फ्रंट लोडचं, जग वेगळं. 1974 साली कोलकात्यात सुरू झालेल्या आयएफबीचं मूळ काम धातूचे अचूक सुटे भाग कापण्याचं, स्विस तंत्राने. मशीनसाठी तिने जर्मनीच्या बॉश-सीमेन्सचा हात धरला. आडवं पिंप, दाराला रबरी गॅस्केट, हादरे थोपवायला आत काँक्रीटचा ठोकळा, पाणी तापवायला सुमारे दोन हजार वॅटचा हीटर. सगळं ठरवणारा प्रोग्रॅमर म्हणजे दातेरी चकत्यांचा एक गठ्ठा. छोटी मोटर तो सावकाश फिरवते आणि एकेक दाता येईल तसा पाण्याचा व्हॉल्व्ह, हीटर, पंप चालू-बंद होतो. धुणं म्हणाल तर याचंच चांगलं, यात वाद नाही. कपडा वर उचलला जातो, खाली पडतो. पल्सेटरसारखा साड्यांचा दोरखंड होत नाही. गरम पाण्याने चादरींचा तेलकटपणा जातो. काजूच्या बोंडाचा डाग मात्र कुठल्याच मशीनला ऐकत नाही.

पण हे मशीन काही गोष्टी गृहीत धरतं. नळाला जोर हवा, म्हणजे टाकी निदान तीन मीटर तरी उंच. ओहोळाचं पाणी पाइपने परसात आणलेल्या घरात तेवढा जोर मिळेलच असं नाही, आणि विहिरीवरून कळशीने पाणी आणणाऱ्या घरात तर प्रश्नच मिटला. सेमीला बादलीने पाणी ओतलं तरी चालतं. विजेचंही तेच. काळी नदीवर गणेशगुडीला सुपे धरण झालं, सुपे गाव बुडालं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं, विस्थापितांतले कितीतरी रामनगरला वसले. धरणाच्या पायथ्याशी 100 मेगावॅटचं वीजघर आहे. पण याच तालुक्यातल्या जंगलातल्या वाड्यांना वीज फार उशिरा मिळाली, आणि पावसाळ्यात तारांवर झाड पडलं की दिवसच्या दिवस अंधार. सेमीला चारेकशे वॅट पुरतात. लाइनच्या टोकाला असलेल्या घरात हीटर लागला की दिवे मिणमिणतात.

वीज जाण्याच्या बाबतीत मात्र महागडं मशीन बाजी मारतं. जुना प्रोग्रॅमर विजेवर चालतो, त्यामुळे वीज गेली की तो जिथे असेल तिथे थांबतो आणि आली की तिथून पुढे सुरू. सेमीचा टायमर चावीच्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालतो. वीज जावो की राहो, त्याची टिकटिक चालूच. वेळ संपते, कपडे तसेच.

आणि तरीही आषाढात सेमीच जिंकतं, ते पिळण्यात. ड्रायरचं पिंप अरुंद, पण मिनिटाला तेराशे-चौदाशे फेऱ्या मारतं. पिळण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट तर जोर चौपट. सहाशे-आठशे फेऱ्यांचं फ्रंट लोड रुंद असूनही तिथे मागे पडतं. चुलीवरच्या दोरीला धुराचा वास घेत कपडे लटकवणाऱ्या घराला हा फरक दोन दिवसांचा पडतो. निम्मे लोक धुणं दगडावर करतात आणि ड्रायरपुरतं मशीन चालवतात. कंपनीला हे ऐकून वाईट वाटलं असतं.

व्हिडिओकॉन 2018 मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, तरी तिची सेमी अजून दुरुस्त होतात. टायमर, कॅपॅसिटर, बेल्ट, ड्रायरचं सील हे सुटे भाग बऱ्याच कंपन्यांचे एकमेकांना चालतात. आयएफबी जोरात चालू आहे, पण तिच्या पहिल्या पिढीतला प्रोग्रॅमर मिळवणं कठीण, आणि बेअरिंग गेलं तर अख्खं पिंप बाहेर काढावं लागतं.

जुनं सेमी घ्यायला गेलात तर बटणं मोजत बसू नका. ड्रायर हाताने फिरवा, घरघर आली तर बुश गेलाय. चालू ड्रायरचं झाकण उचला. पिंप लगेच थांबलं नाही तर ब्रेकची तार ढिली आहे, ती आधी बदलून घ्या आणि मगच पैसे द्या.